चोरवाटा शोधणारा तिहोमिर

तिहोमिरच्या नावात 'शांत' हा शब्द आहे आणि 'शांतता' हाही आहे. आईबापांनी बाळाचं तोंड नीट न बघताच ते ठेवलं असावं. डॅन्यूबकाठच्या नोवी साद गावात या नावावरून इतक्यांदा विनोद झाले होते की हल्ली कुणी हसायचेही कष्ट घेत नसे. पाव घरी आणला की तिहोमिर तो आधी तळहातावर तोलायचा. बस वेळेवर आली की स्वतःच्या घड्याळावर टिचकी मारून बघायचा. खालच्या मजल्यावरची बाई जिन्यात हसली की वर पोचेपर्यंत ह्याच्या कपाळावर आठ्यांची चवड.

"आज हसली," तो दारातूनच बायकोला सांगायचा. "काल नव्हती हसली."

"काल ती बहिणीकडे गेली होती," देसांका शेगडीकडून मान न वळवता म्हणायची.

"तेच म्हणतो मी. बहिणीकडे काय होतं?"

"बहीण होती, अरे माणसा! बहिणीकडे बहीण असते!"

हा संशय फुकट गेला होता असं मात्र नाही. त्याच्यावरच तर संसार उभा राहिला होता. तिहोमिर वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होता. मंडईच्या फाटकात त्याची टोपी दिसली की "आला गं, मेला आला!" असा पुकारा शेवटच्या गाळ्यापर्यंत जायचा, आणि पारड्यांच्या पोटाखाली चिकटवलेल्या मेणाच्या गोळ्या भराभर एप्रनच्या खिशात पडायच्या. तिहोमिर भांडत नसे. पारडं उलटं करायचा, नखाने खरवडायचा, नखाचा वास घ्यायचा आणि म्हणायचा, "मधमाशीचं मेण. चांगल्या प्रतीचं आहे." एवढंच. तराजू खरा निघाला तर त्यावर शिक्का. खोट्यावर त्याने कधीच शिक्का मारला नाही, सासूच्या मावसभावाच्या तराजूवरसुद्धा नाही. त्या घराकडून देसांकाला लग्नाचं आमंत्रण येणं तेव्हापासून बंद झालं ते झालंच.

निवृत्तीनंतर पारडी संपली, पण मंगळवार उरले. दर मंगळवारी संध्याकाळी 'दोन बगळे' नावाच्या खानावळीच्या मागच्या खोलीत बुद्धिबळाची कोडी रचणाऱ्यांची बैठक भरायची. तिथे खेळत कुणीच नसे. खेळणाऱ्यांचा विषय निघाला तर ही मंडळी आवाज जरा खाली आणत, दारुड्या मेहुण्याचा विषय निघाल्यावर आणतात तसा. ह्यांचं काम पटावर मोहरी मांडून 'आता तीन चालींत मात कर' असं सांगण्याचं. त्यातही साधी कोडी ह्यांच्या जिभेला अळणी लागायची. ह्यांच्या पटावर काळा आणि पांढरा संगनमत करून काळ्याच्याच राजाला कोंडीत पकडत. ह्यांच्या पटावर वजीर डोक्यावर उभा करत, आणि डोक्यावर उभा केलेला वजीर म्हणजे नाकतोडा. समोर कुणी असेल तर त्याच्यावरून उडी मारून लगेच पलीकडच्या घरात उतरणार. समोर कुणी नसेल तर जागचा हलणार नाही. ज्या गावच्या किल्ल्यावरच्या घड्याळात मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं, त्या गावात उलटा वजीर कुणाला खटकणार?

"नाकतोडा म्हणजे आपल्या डायरेक्टरसाहेबांसारखा," स्वेतोझार गरजायचा. "कुणीतरी पाठ वाकवल्याशिवाय पुढे जाता येत नाही बिचाऱ्याला!"

स्वेतोझार गरजायचाच. जन्मभर डॅन्यूब नदीवर जहाजं ओढणारी टगबोट चालवलेली. भोंगा बिघडला तरी त्याचं अडत नसे म्हणतात. तो ह्या खोलीतला सगळ्यात जुना रचनाकार, आणि तिहोमिरचा कूम. लग्नात नवऱ्याच्या शेजारी उभा राहून साक्ष देतो तो कूम, आणि मग तो जन्माचा. भावाशी अबोला धरला तर लोक समजून घेतात. कुमाशी धरला तर पलीकडच्या फुटपाथवरून जातात.

खोलीत आणखी एक जण होता, घड्याळजी लायोश. हंगेरियन. त्याच्या भाषेत पुल्लिंग-स्त्रीलिंगाची भानगडच नाही, त्यामुळे इथली भाषा चाळीस वर्षं बोलूनही त्याची मोहरी पाहिजे तशी लिंगं बदलायची. "राजा पळाली," तो सावकाश, एकेक शब्द भिंगाखाली धरून सांगायचा, "आणि घोडा तिच्या मागे गेली, ना?" आणि एक गणिताची मास्तरीण होती, यासेंका. तिचं उलट, ती वाक्याच्या मध्ये श्वास घेणं पाप समजायची. "काका-बघा-ना-काल-मी-हत्ती-तिकडे-नेला-आणि-रस्सा-करपला-पण-कोडं-सुटलं!"

आणि ह्या सगळ्यांत तिहोमिर. त्याने उभ्या जन्मात एकही कोडं रचलं नव्हतं. तो मोडायचा. कोड्याला उत्तर एकच असावं लागतं, रचणाऱ्याच्या मनातलं. त्याच्या नकळत दुसरंही एखादं उत्तर राहून गेलं असेल तर ती चोरवाट, आणि चोरवाट सापडली की कोडं मेलं. हे तपासणारी यंत्रं तेव्हा कुणाकडे नव्हती, तिहोमिर होता. कुणी नवीन कोडं मांडलं की सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे. तो पटाकडे अशा नजरेने बघायचा की प्यादीसुद्धा खिसे चाचपत असतील. मग दोनच निकाल. एक, "भोक आहे." दुसरा, "छापा," म्हणजे कोडं मासिकाकडे पाठवायला हरकत नाही. ह्यापलीकडे शब्द नाही. 'वा' नाही, 'सुंदर' नाही. "छापा" ऐकायला लोक वर्षवर्ष थांबायचे. यासेंकाला तो पहिल्यांदा मिळाला तेव्हा ती बाहेर अंगणात जाऊन रडली आणि परत येऊन म्हणाली की कांद्याने झालं. कांदा कुठेही नव्हता, हे तिहोमिरने अर्थातच ताडून पाहिलं.

हिवाळ्यात स्वेतोझारला झटका आला. डावा हात लुळा पडला, आणि एखादाएखादा शब्द तोंडापर्यंत येऊन माघारी वळायला लागला. वसंतात तो पुन्हा मंगळवारी यायला लागला, पण एक गोष्ट बदलली: तिहोमिरपुढे तो कोडं ठेवीना. पूर्वी दर आठवड्याला खिशातून चिठोरं निघायचं. आता यायचा, ब्रँडीचा पेला घ्यायचा, दुसऱ्यांच्या कोड्यांवर गरजायचा आणि उठायचा.

"तो रचतोय," तिहोमिर घरी म्हणाला. "त्याच्या बोटाला शाई असते. रचतोय आणि मला दाखवत नाही. दुसरा कुणीतरी गाठलाय तपासायला."

"त्याच्या जिवावर बेतलं होतं, आणि तुला शाई दिसते?"

"शाई होती म्हणून दिसली."

"कुणाला गाठेल? लायोशला?"

"लायोश गेल्या वेळी मला बघून गप्प झाला."

"लायोश सगळ्यांना बघून गप्प होतो. तो वाक्य जुळवत असतो, बाबा!"

पण तिहोमिरच्या डोक्यात हिशेब बसला होता: आपण सत्तरीला टेकलो, नजर मंद झाली असं मंडळींना वाटतं, आणि कूमही त्यांना सामील. त्याने चष्म्याचा नंबर तपासून घेतला. तोच निघाला. मग चष्मेवाल्यावर संशय.

सत्तरावा वाढदिवस नेमका मंगळवारी आला. 'दोन बगळे'मध्ये मागच्या खोलीत शिरताच सगळे एकदम उभे राहिले, आणि तिहोमिरने आधी मागे वळून पाहिलं की कोण आलंय. देसांकाने पाठवलेला खसखशीचा रोल कापला गेला. लायोश म्हणाला, "तिहोमिर, तू शंभर वर्षं जगली पाहिजे, ना." आणि मग स्वेतोझार उजव्या हाताने टेबलाचा आधार घेऊन उभा राहिला.

"कूम," तो म्हणाला, "तुझ्या सत्तरीला मी तुझ्यासाठी एक... एक ते..."

"कोडं," यासेंका हळूच म्हणाली.

"ठाऊक आहे मला कोडं म्हणतात ते! मी थांबलो होतो, पोरी. नाटकात थांबतात तसा." त्याने कोटाच्या आतून एक पुठ्ठा काढला. त्यावर पटाची आकृती, आणि आकृतीच्या माथ्यावर, वाकड्या झालेल्या अक्षरात: *माझा कूम तिहोमिर यास, सत्तरीनिमित्त.* "कुणाला दाखवलं नाही. कुणाला तपासू दिलं नाही. पहिला तू."

तिहोमिरने पुठ्ठ्याची मागची बाजूही उलटून पाहिली. त्याच्या नावाने आजवर तक्रारअर्ज निघाले होते. कोडं कधी निघालं नव्हतं.

लायोशने मोहरी मांडली. तीन चाली, दोघांनी मिळून काळ्या राजाला मात द्यायची. दोन पांढरे नाकतोडे, एक हत्ती, आणि खाली शेवटच्या ओळीच्या उंबऱ्यावर उभं असलेलं एक काळं प्यादं. तिहोमिरला उत्तर लवकरच दिसलं आणि ते देखणं होतं. प्यादं शेवटच्या ओळीत पोचतं, घोडा होतं, घोडा उडी मारून आपल्याच राजाच्या शेजारी जाऊन उभा राहतो, आणि पांढरा नाकतोडा नेमक्या त्याच घोड्याच्या पाठीवरून राजाला गाठतो. मदतीला आलेलाच पायरी होतो. खास स्वेतोझार.

मग सवयीप्रमाणे त्याने पारडं उलटं केलं.

शेवटच्या ओळीत पोचलेलं प्यादं वजीर होतं, हत्ती होतं, उंट होतं, घोडा होतं. पण पटावर नाकतोडे असतील तर ते नाकतोडाही होऊ शकतं. नवशिके हे हमखास विसरतात, आणि विसरले की मूठ आपटून "नाकतोड्याला विसरलास! नाकतोड्याला विसरलास!" असं ओरडायचं काम इतकी वर्षं एकाच माणसाने केलं होतं. स्वेतोझारने. तिहोमिरने मनातल्या मनात ते प्यादं नाकतोडा केलं. नाकतोडा हत्तीवरून उडाला. राजा दुसऱ्या बाजूला सरकला. आणि मात झाली, उजवीकडून, सरळ सरळ.

चोरवाट. दारासारखी उघडी.

सगळ्यांचे डोळे त्याच्यावर, आणि सगळ्यांत जास्त स्वेतोझारचे. तिहोमिरने तोंड उघडलं. "भोक आहे" हे शब्द जिभेवर आले आणि लुळ्या हाताकडे बघून मागे फिरले. "छापा" म्हणता येईना. तो शिक्का होता, आणि खोट्या तराजूवर... छे.

"छान आहे," तिहोमिर म्हणाला.

लायोशने हातातला रोलचा तुकडा बशीत परत ठेवला.

"छान?" लायोश म्हणाला. "छान म्हणाली? तिहोमिर, तू आजारी आहे?"

"काका-तुम्ही-'छान'-म्हणालात-म्हणजे-'छापा'-असंच-ना-म्हणजे-'छापा'च्याही-वर-का?" यासेंका.

"छान म्हणजे छान," तिहोमिर कसाबसा म्हणाला. "माणसाला सत्तरीत नवीन शब्द शिकता येत नाही का?"

सगळे हसले. स्वेतोझारही हसला, पण जरा उशिरा. लायोशने पुठ्ठा जपून घेतला आणि जाहीर केलं की शुक्रवारच्या टपालाने तो बेलग्रेडच्या मासिकाकडे जाणार. तिहोमिरने मनातल्या मनात शुक्रवारपर्यंतचे दिवस मोजले. मासिक म्हणजे फिनलंडपासून अर्जेंटिनापर्यंतचे सोडवणारे. त्यातला कुठलाही टवाळ एका कार्डावर तीन चाली खरडून पाठवेल आणि पुढच्या अंकात बारीक टाइपात येईल: *स्वेतोझारचं कोडं मोडलं, प्यादं नाकतोडा.* झटक्यानंतरचं पहिलं कोडं. आणि माथ्यावर तिहोमिरचं नाव.

दुसऱ्या दिवशी सकाळी देसांका कॉफी घेऊन आली तेव्हा तिहोमिर स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याकडे टक लावून बसला होता.

"आता साखरेने काय केलं?"

"दोन शक्यता आहेत," तो म्हणाला. "एक, तो विसरला. डोकं गेलंय. मागच्या महिन्यात त्याने कॉफीत मीठ घातलं होतं, आठवतं?"

"तूही मागे घातलं होतंस, आणि पिऊन टाकलंस. मी डबे बदलून ठेवलेत का ते बघायला."

"दोन, त्याने ती चोरवाट मुद्दाम ठेवली. जन्मभर भोकं शोधणाऱ्याला वाढदिवसाला काय देणार? भोक! तो तिथे डोळे लावून बसला होता, मी आता ओरडेन म्हणून. आणि मी काय म्हटलं? छान! म्हणजे त्याच्या लेखी मी आंधळा झालो. नाहीतर कीव करून गप्प बसलो. कूम ते विसरणार नाही."

"मग जाऊन विचार की!"

"विचारून काय होणार? मुद्दाम असलं तरी 'मुद्दाम होतं' म्हणेल. विसरला असला तरी लाजेकाजेने 'मुद्दाम होतं' म्हणेल. दोन्हीकडून तेच वजन."

देसांकाने कॉफी त्याच्यासमोर आदळली. "तुझ्याशी बोलणं म्हणजे, अरे माणसा, कुलपाशी बोलणं."

तिहोमिरने पट काढला. दुपारपर्यंत तो मोहरी मांडत होता आणि उचलत होता. कपडे वाळत घालायला निघालेली देसांका दारात थबकली.

"तू रचतोयस?"

"सापळा लावतोय."

"रचतोयस! तोंडातून जीभ बाहेर आलीय तुझी. रचताना स्वेतोझारचीही येते."

सापळा साधा होता. इवलंसं कोडं, ज्यात प्यादं नाकतोडा केल्याशिवाय उत्तर निघतच नाही. स्वेतोझारने ते चटकन सोडवलं तर नियम त्याच्या डोक्यात शाबूत आहे, म्हणजे वाढदिवसाची चोरवाट मुद्दाम. नाही सोडवलं तर... तर बघू.

स्वेतोझारचं घर नदीकाठी, बंधाऱ्याला लागून. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तिहोमिर फाटकातून आत गेला तेव्हा अंगणात विस्तवावर तीन काठ्यांच्या तिवईला कढई टांगलेली होती, आणि स्वेतोझार एका हाताने माशाच्या लाल रश्श्यात तिखट टाकत होता. टाकत कसला, ओतत होता.

"ये, कूम," तो म्हणाला. नेहमीसारखा गरजला नाही. तिहोमिरने लगेच नोंद घेतली.

"यासेंकाने एक कोडं दिलंय," तिहोमिर बाकावर पट मांडत म्हणाला. आवाज शक्य तितका ढिला सोडला. "म्हटलं तुलाही दाखवावं. सहज. जाता जाता."

"जाता जाता? माझ्या घराच्या पुढे नदी आहे. कुठे निघाला होतास?"

स्वेतोझारने पळी खाली ठेवली, हात पुसला, आणि पटावर वाकला. एकही मोहरं हलवलं नाही.

"हे यासेंकाचं नाही."

"तिचंच आहे."

"यासेंका कितीही बडबडली तरी तिच्या पटावर हवा खेळते. हे बघ. सगळी मोहरी एका ओळीत, मंडईतल्या वजनांसारखी, लहानापासून मोठ्यापर्यंत. हे ज्याने रचलं त्याने आधी कधीच रचलेलं नाही." त्याने मान वर केली. "कूम, तू जन्मात कोडं रचलं नाहीस. आज का रचलंस?"

रस्सा रटरटत होता. तिहोमिरने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली.

"का ते मी सांगतो," स्वेतोझार म्हणाला. "काल तू 'छान' म्हणालास. तीस वर्षांत तू माझ्या कोड्याला, माझ्या बोटीला, माझ्या बायकोच्या रश्श्याला 'छान' म्हटलं नाहीस. बायकोला वाटायचं तुला जीभच नाही. आणि काल म्हणालास. मी घरी येऊन पट मांडला. म्हटलं, ह्याला भोक दिसलंय. दिसल्याशिवाय हा असं बोलणार नाही." तो थांबला, आणि ह्या वेळी नाटकात थांबतात तसा नाही. "कालपासून शोधतोय, तिहोमिर. माझंच कोडं आहे. आणि मला ते... मला ती वाट सापडत नाही."

म्हणजे मुद्दाम नव्हतं. ज्यासाठी आलो ते उत्तर हातात आलं, आणि तिहोमिरला वाटलं ते खाली ठेवून सरळ घरी जावं. एक खोटं चालून गेलं असतं: 'भोकबीक काही नाही, मी म्हातारा झालो, हळवा झालो.' कुमाने कदाचित मानलंही असतं. पण शुक्रवारी टपाल होतं.

त्याने आपली मोहरी बाजूला सारली आणि वाढदिवसाचं कोडं मांडलं. काळं प्यादं उचललं, शेवटच्या ओळीत नेलं. मग काळा वजीर घेतला, डोक्यावर उभा केला आणि प्याद्याच्या जागी ठेवला.

स्वेतोझार बघत राहिला.

"नाकतोडा," तो पुटपुटला. मग उजवी मूठ बाकावर अशी आदळली की दोन्ही राजे आडवे झाले. "नाकतोड्याला विसरलो! मी! मी विसरलो!" शेजारच्या अंगणातली कोंबडी ओरडत पळाली. गडी हसत होता की दुसरं काही, हे ओळखणं अवघड होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि रश्श्यात तिखट फार पडलं होतं.

"आणि तू बोलला का नाहीस?" तो एकदम उसळला.

"लोक होते."

"लोक! सासूच्या मावसभावाला भर मंडईत सोडला नाहीस, आणि मला सोडतोस? मी काय मेलोय? तू मेलेल्या माणसाशी बोलतात तसं बोललास माझ्याशी!"

"मला वाटलं तू मुद्दाम ठेवलंय," तिहोमिर म्हणाला. "मला भेट म्हणून."

"मुद्दाम?" स्वेतोझार थबकला. त्याने दाढी खाजवली. "तुला भोक भेट... हे फार चांगलं होतं, रे. हे मला का नाही सुचलं?"

दोघे पडलेले राजे उभे करायला लागले. स्वेतोझारने नाकतोड्याची वाट सावकाश चालून पाहिली, मग पुन्हा घोड्याची, मग पुन्हा नाकतोड्याची. त्याच्या तोंडातून जिभेचं टोक बाहेर आलं.

"थांब. हे बघ. घोडा झाला तर मात डावीकडून. नाकतोडा झाला तर उजवीकडून. जुळ्यांसारखी आहेत." तो मान हलवायला लागला. "कूम, ही चोरवाट नाही. हे दुसरं दार आहे. खाली फक्त लिहायचं, 'उत्तरं दोन'. चालतं आपल्यात. चांगली असतील तर दोन चालतात."

"चालतात," तिहोमिर कबूल झाला. "लायोशकडून पुठ्ठा आणावा लागेल."

"आणि वर दोन नावं. तुझं आणि माझं."

तिहोमिरचे डोळे बारीक झाले. "माझं का?"

"दुसरं उत्तर तुझं आहे. शोधलं कुणी?"

"यात काहीतरी आहे. माझं नाव घातलं की मी पुढे कोड्याविरुद्ध बोलू शकणार नाही. मला बांधून घालतोयस."

"कूम, तू देवाच्या दारात पोचलास तरी त्याला म्हणशील, आधी ओळखपत्र दाखव."

"आणि माथ्यावरचं?" तिहोमिरने विचारलं. "सत्तरीनिमित्त ते?"

स्वेतोझारचं तोंड पडलं. रचणाऱ्यांत नाव आलं की अर्पण राहत नाही. आपणच आपल्याला अर्पण करायचं, असं ह्या लोकांत कुणी केलं नव्हतं आणि ज्याने केलं असतं त्याच्या टेबलाशी कुणी बसलं नसतं. "तसं नको असेल तर," स्वेतोझार म्हणाला, "मी प्यादं एक घर बाजूला सरकवतो. चोरवाट बंद होईल. उत्तर एकच, अर्पण तुला. ठरव."

त्या एका ओळीसाठी तिहोमिर काल संध्याकाळपासून मनातल्या मनात किती वेळा पुठ्ठ्याकडे गेला होता हे त्याने देसांकालाही सांगितलं नव्हतं. तो पटाकडे बघत राहिला. प्यादं सरकवलं तर डावीकडची मात एकटी पडत होती. चांगलीच होती. पण एकटी.

"सरकवू नकोस," तो म्हणाला. "खोडून टाक ती ओळ."

"नक्की?"

"कोडं असंच बरं आहे."

स्वेतोझारने रस्सा वाढला. तो इतका जहाल होता की दोघेही घासागणिक पाव तोडत होते. मग स्वेतोझार उठून आत गेला, आणि बिस्किटांचा चपटा पत्र्याचा डबा काखेत धरून आला. आत चिठोरी होती. सगळ्यांवर आकृत्या.

"हिवाळ्यातली," तो म्हणाला.

"म्हणजे रचत होतास," तिहोमिर म्हणाला. "शाई दिसत होती मला. मग दाखवली का नाहीस?"

"तू भोकं काढशील म्हणून."

"मी आजवर दुसरं काय केलंय?"

"आजवर भोकं कोड्यात निघायची." स्वेतोझारने डब्याचं झाकण बाकावर ठेवलं, मग उगाच सरळ केलं. "म्हटलं, आता डोक्यात निघाली तर."

तिहोमिरने वरचं चिठोरं उचललं आणि मोहरी मांडायला घेतली. स्वेतोझार समोर बसला, लुळा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला, आणि परीक्षेच्या निकालाला आलेल्या पोरासारखा नखं बघत राहिला.

"भोक आहे," तिहोमिर म्हणाला.

"कुठे?"

"इथे. उंट आधी गेला तर."

"हात्तिच्या!" स्वेतोझार गरजला, आणि नदीवरच्या कुठल्याशा होडीवाल्याने वळून पाहिलं. "दुसरं घे."

दुसऱ्यावर तिहोमिर वाकला तो वाकलाच. रश्श्यावर तवंग जमला. त्याने उंट आधी नेऊन पाहिला, हत्ती नेऊन पाहिला, प्यादं घोडा करून पाहिलं, नाकतोडा करून पाहिलं. मग मान वर करून कुमाकडे रोखून बघितलं.

"हे आधी यासेंकाला दाखवलं होतंस?"

"नाही."

"लायोशला?"

"कुणालाही नाही. आईशप्पथ."

"खरं सांग."

"अरे, सापडत नाहीये का तुला?"

"मी असं म्हटलेलं नाही," तिहोमिर म्हणाला. त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा पुसल्या, आणि सगळी मोहरी जागच्या जागी ठेवून पहिल्या चालीपासून पुन्हा सुरुवात केली.